परवाना आणि परवली

भिंतीला कान असतात ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये निदान भिंत तरी उभी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनतारी संदेशवहनाची विद्या सिद्ध झाली आणि ही भिंतच नाहीशी झाली. कारण विद्युल्लहरी एकदा प्रेषकयंत्रातून सुटल्या की ज्याच्यासाठी सोडल्या त्याच्याकडेच त्यांनी जावे असे बंधन निसर्गाने त्यांच्यावर घातलेले नाही. त्या चहूदिशांना पसरतात, आणि वाटेत ज्याचे यंत्र उभे असेल त्या प्रत्येकाला, मग तो मित्र असो, शत्रू असो की निव्वळ रिकामटेकडा असो, सारख्याच औदार्याने आपला मजकूर सांगत सुटतात. या उदार माध्यमाला खाजगीपणाची मर्यादा घालण्याचे प्रयत्न सव्वाशे वर्षे चालू आहेत. आज दिवाणखान्याच्या कोपऱ्यात हिरवे दिवे लुकलुकवीत बसलेल्या वाय-फायच्या यंत्राचा जो पासवर्ड आपण पाहुण्यांना सहज सांगून टाकतो, त्याची वंशावळ या प्रयत्नांत सापडते. आणि ती चाळताना एक गोष्ट माझ्या ध्यानात वारंवार आली ती अशी की, आकाशाचा बंदोबस्त आपल्याकडे सरकारने दीर्घकाळ परवान्याच्या बळावर केला, कुलपाच्या बळावर नव्हे. आणि परवाना उठला त्या दिवशी पहाऱ्याचे काम घरमालकाच्या गळ्यात पडले, परंतु ते पडल्याची वर्दी त्याला कोणी दिली नाही.

मार्कोनीने १८९६ साली ब्रिटनमध्ये पेटंटासाठी अर्ज केला तेव्हा त्याच्या यंत्रात दोन धातुगोलकांमध्ये ठिणगी उडवून लहरी उत्पन्न करीत आणि त्या लहरी कोणत्याही एका कंपनसंख्येला बांधलेल्या नसत. दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागली की दोघांचाही मजकूर एकमेकांत कालवला जाई. हा दोष निवारण्यासाठी त्याने स्वरमेळाची युक्ती योजली आणि १९०० साली तिचे पेटंट घेतले. त्याचा क्रमांक ७७७७ असल्यामुळे ते चार सातांचे पेटंट म्हणून प्रसिद्धीस आले. प्रेषक आणि ग्राहक ही दोन्ही यंत्रे एकाच स्वरात जुळविली म्हणजे तिसऱ्याच्या यंत्रात ते बोलणे उमटणार नाही, असा मार्कोनीचा दावा होता, आणि तो त्याने वर्तमानपत्रांतून उच्चरवाने मांडला होता. गिऱ्हाइकांना असे आश्वासन देणे त्याला भागच होते. समुद्राच्या तळाशी पसरलेल्या तारांच्या मालकांशी त्याची स्पर्धा होती, आणि त्या तारांचा मोठा गुण हाच होता की त्यांच्यातून जाणारा व्यापाऱ्यांचा भावताव वाटेत कोणाला ऐकू येत नसे.

या तारमालकांत अग्रणी होती ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी. मुंबईच्या वाचकाला तिचे नाव परके वाटण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील पोर्थकर्नो या खेड्यातून निघून जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन असे मुक्काम करीत मुंबईच्या किनाऱ्याला लागणारी जी तारमालिका १८७० साली पुरी झाली, आणि जिचा एडन-मुंबई हा टप्पा 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळच्या अजस्र जहाजाने समुद्रात सोडला, ती मालिका पुढे याच कंपनीच्या ताब्यात आली. मुंबईतला कापसाचा भाव लिव्हरपूलला आणि लिव्हरपूलचा मुंबईला याच मार्गाने जात असे. असल्या मिळकतीवर टाच येते की काय या शंकेने कंपनीने मार्कोनीच्या दाव्याची पारख करावयाचे ठरविले, आणि या कामी नेव्हिल मॅस्केलाइन नावाच्या गृहस्थाची नेमणूक केली. हा मॅस्केलाइन पिढीजात जादूगार होता. लंडनमधील पिकॅडिली भागातल्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याच्या कुटुंबाचे जादूचे प्रयोग लागत, आणि त्या प्रयोगांसाठी बिनतारी यंत्रे हाताळण्याचा नाद त्याला आधीपासून होता. लोकांच्या डोळ्यांत धूळ कशी फेकतात हे ज्याला धंद्याने ठाऊक, त्यालाच दुसऱ्याने फेकलेली धूळ ओळखण्यासाठी नेमावे, ही कंपनीची निवड मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. मॅस्केलाइनने पोर्थकर्नोला उंच डोलकाठी उभारली आणि जवळच्याच पोल्ढू येथील मार्कोनी-केंद्राचे संदेश तो फारसे सायास न पडता टिपू लागला. त्याचा वृत्तान्त त्याने १९०२ साली छापूनही टाकला.

तरीही मार्कोनीच्या पक्षाने हट्ट सोडला नाही. ४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीचे शास्त्रीय सल्लागार प्रा. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचे व्याख्यान ठरले होते, आणि व्याख्यानाच्या शेवटी सुमारे तीनशे मैलांवरील पोल्ढूहून खुद्द मार्कोनीने पाठविलेला संदेश श्रोत्यांसमक्ष उतरवून घ्यावयाचा होता. त्याची वेळ भरत आली असता सभागृहातील यंत्र आपोआप टिकटिकू लागले. फ्लेमिंग बोलण्यात दंग होते. परंतु त्यांच्या सहायकाला मोर्सची अक्षरे कानानेच कळत असल्यामुळे त्याच्या ध्यानात आले की कोणीतरी 'उंदीर, उंदीर' असा एकच शब्द पुनःपुन्हा पाठवीत आहे, आणि त्यापाठोपाठ, इटलीच्या एका तरुणाने लोकांना कसे बनविले, अशा अर्थाचे टवाळ पद्य कागदी फितीवर उमटू लागले. जवळच एका साध्या प्रेषकयंत्राशी बसलेल्या मॅस्केलाइनचा तो प्रताप होता. ठिणगीच्या यंत्राने उठविलेला कल्लोळ इतका सर्वस्वरी असे की अमक्या स्वराला बांधलेल्या यंत्रातही तो बिनदिक्कत शिरत असे. तेव्हा कुलूप तोडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण दाराला कुलूप नव्हतेच, फक्त आहे अशी दवंडी पिटलेली होती.

पुढे जे घडले ते मला मूळ प्रसंगाहून अधिक बोधक वाटते. फ्लेमिंग यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हा शास्त्रक्षेत्रातील गुंडपणा असल्याची तक्रार केली आणि अपराध्याला हुडकून काढण्यास वाचकांचे साह्य मागितले. मॅस्केलाइनने त्याच वर्तमानपत्रात उत्तर देऊन कृत्य आपलेच असल्याचे बेधडक सांगितले, आणि ज्या गोष्टीचा दावा जाहीरपणे केला तिची जाहीर परीक्षा घेण्याचा अन्य मार्ग आपणास उपलब्ध नव्हता, असा खुलासा केला. कुलूप करणाऱ्याने कुलूप उघडणाऱ्याच्या चारित्र्याविषयी बोलावे आणि उघडणाऱ्याने कुलपाविषयी बोलावे, हा संवाद त्यानंतर शंभर वर्षे जसाच्या तसा चालू राहिलेला आहे. पात्रे तेवढी बदलली.

पहिल्या महायुद्धात याच निष्काळजीपणाची किंमत सैन्यांनी मोजली. ऑगस्ट १९१४ मध्ये पूर्व प्रशियात रशियन सेनापतींनी आपल्या फौजांच्या हालचालींचे हुकूम बिनतारी यंत्रावरून कूटलिपीवाचून, उघड्या भाषेत पाठविले. जर्मनांनी ते निवांतपणे ऐकले, आणि टॅनेनबर्गच्या रणात रशियाच्या दुसऱ्या सेनेचा जो विध्वंस झाला त्यात या श्रवणभक्तीचा वाटा मोठा होता. युद्धानंतर लष्करांनी आणि वकिलातींनी कूटलेखनाची कास धरली. सामान्य प्रजेच्या बाबतीत मात्र सरकारांनी निराळाच मार्ग पत्करला, आणि आपल्या इतिहासाशी ज्याचा संबंध येतो तो हाच मार्ग होय.

हिंदुस्थानात १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तारायंत्राची सारी मिरास सरकारकडे दिलेली होतीच. बिनतारी युग आले तेव्हा सरकारने तीच मिरास जमिनीवरून उचलून आकाशावर नेली. १९२७ साली खडकी आणि दौंड येथे उभारलेल्या केंद्रांतून इंग्लंडशी थेट बिनतारी दळणवळण सुरू झाले. यात लहरी चहूकडे न उधळता विशिष्ट दिशेला झोताप्रमाणे सोडण्याची योजना होती, त्यामुळे आडवाटेच्या ऐकणाऱ्याला त्या पूर्वीइतक्या सहज सापडत नसत. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावा असे ठरले. परंतु हवेतून आलेले गाणे ऐकण्यासाठी सरकारात पैसे भरावेत ही कल्पना अनेकांच्या गळी उतरली नाही. पुष्कळांनी यंत्र घेतले आणि परवान्याचे सोयीस्कररीत्या विस्मरण होऊ दिले. केंद्र चालविणारी खाजगी कंपनी तीन वर्षांत बुडाली. तिच्या बुडण्याला हे फुकटे श्रोते कितपत कारण झाले याचा हिशेब निराळा. पण सरकारने १९३३ साली बिनतारी तारायंत्रांचा जो स्वतंत्र कायदा केला, त्यातील मुख्य कलम यंत्राच्या नुसत्या बाळगण्यावर होते. यंत्र वापरा, न वापरा, ते परवान्यावाचून घरात असणे हाच गुन्हा. ऐकण्याला कुलूप घालता येत नव्हते म्हणून कानालाच सनद लावण्यात आली.

ही व्यवस्था किती चालली, तर ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना पोस्टात रांग लावून दरसाल नूतनीकरण करून आणावयाचे रेडिओच्या परवान्याचे पुस्तक अजून आठवत असेल, इतकी चालली. स्वराज्य आले, कायद्याच्या नावाआधीचा मुलूख बदलला नाही की कलमे बदलली नाहीत. रेडिओवरचा हा परवाना ऐंशीच्या दशकात उठला.

परंतु या व्यवस्थेला तिच्या भर अमदानीत मुंबईनेच उघड आव्हान दिले होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव होऊन पुढाऱ्यांची धरपकड झाली, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या, आणि २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर एक नवेच केंद्र बोलू लागले. हिंदुस्थानात कोठून तरी बोलणारे काँग्रेसचे रेडिओ केंद्र अशी आपली ओळख ते करून देई. उषा मेहता त्या वेळी अवघ्या बावीस वर्षांच्या, महाविद्यालयातील विद्यार्थिनी. त्या आणि त्यांचे सहकारी चौपाटीजवळच्या एका इमारतीतून हे केंद्र चालवीत, आणि पोलिसांच्या शोधगाड्या लहरींचा उगम हुडकीत फिरत असल्यामुळे बिऱ्हाड वारंवार हलवीत. जी वार्ता छापण्याची वर्तमानपत्रांना मनाई होती, ती, आणि तीत आपल्या विदर्भातील चिमूर-आष्टीची हकीकतही आली, या केंद्राने देशाला ऐकविली. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घातली. लहरींच्या मागावर फिरून जे साधले नाही ते मंडळींना मदत करणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या फितुरीने साधले, असे उषाबेनांनी पुढे सांगितले आहे. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याला झाली. सरकारच्या दृष्टीने ही आकाशात केलेली अनधिकृत घुसखोरी होती. आणि ती तशी होतीच, कारण अधिकार कोणाचा हाच तर त्या लढ्याचा विषय होता. बंदिस्तीचा इतिहास लिहिणाराने हे विसरू नये की प्रत्येक कुंपणाच्या आत बसलेला मनुष्य न्याय्य असतोच असे नाही.

योगायोग असा की त्याच ऑगस्टच्या ११ तारखेला, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना एका चमत्कारिक युक्तीचे अमेरिकन पेटंट मिळाले. पाणतीराला मार्ग दाखविणारी बिनतारी आज्ञा शत्रूने बुजवू नये म्हणून ती एकाच स्वरावर न ठेवता अठ्ठ्याऐंशी स्वरांवरून ठरलेल्या क्रमाने उड्या मारीत न्यावी, आणि हा क्रम दोन्ही टोकांना स्वयंचलित पियानोच्या छिद्रित पट्ट्यांसारख्या पट्ट्यांवर नोंदलेला असावा, अशी ती योजना होती. अमेरिकन नौदलाने त्या वेळी तिचा वापर केला नाही. परंतु लहरी एका स्वरावर न बांधता विस्तृत पट्ट्यात पसरून टाकण्याचे तत्त्व लष्कराच्या प्रयोगशाळांत वाढत राहिले, आणि १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने भट्ट्या आणि तत्सम उपकरणांसाठी सोडून दिलेले काही पट्टे, ज्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता, अशा पसरट लहरींसाठी परवान्यावाचून खुले केले. त्या निर्णयाने परवान्याच्या अमदानीला पहिले मोठे भगदाड पडले. त्यातूनच पुढे १९९० मध्ये नेमलेल्या आणि व्हिक हेज या डच अभियंत्याच्या अध्यक्षतेखाली चाललेल्या समितीचे काम उभे राहिले, आणि १९९७ मध्ये संगणकांच्या बिनतारी जाळ्यांचे ८०२.११ हे प्रमाण प्रसिद्ध झाले. वाय-फाय हे त्याचे लाडके नाव दोन वर्षांनी पडले.

परवाना नाही म्हणजे आता कुलूप हवे, हे समितीला कळत होते. म्हणून प्रमाणातच एका कुलपाची तजवीज केलेली होती. त्याला त्यांनी जे नाव दिले त्याचा आशय असा की, हे कुलूप लावल्यास बिनतारी जाळ्याला तारेच्या तोडीचा खाजगीपणा लाभेल. व्यवहारात ते वेप या आद्याक्षरांनी ओळखले गेले. या कुलपाची रचना थोडी विस्ताराने पाहण्यासारखी आहे, कारण ते ज्या रीतीने फसले त्या रीतीत अभियांत्रिकीचा एक मोठा धडा आहे.

वेपच्या पोटात आरसी-४ नावाची कूटपद्धती होती. रॉन रिव्हेस्ट यांनी ती १९८७ साली रचली. ती त्यांच्या कंपनीने गुपित ठेवली होती, आणि १९९४ साली कोणीतरी ती जगासमोर उघडी केली. तिचे काम एवढेच की एका किल्लीतून अंकांचा अखंड प्रवाह निर्माण करावयाचा. हा प्रवाह मूळ मजकुरात मिसळला की गूढ मजकूर होतो आणि पुन्हा मिसळला की मूळ मजकूर परत मिळतो. अट एकच: तोच प्रवाह दोनदा वापरावयाचा नाही. दोन निरनिराळे मजकूर एकाच प्रवाहात मिसळले गेले तर ते दोन गूढ मजकूर परस्परांशी ताडून पाहणाऱ्याच्या हाती प्रवाह वजा होऊन जातो आणि उघड्या शब्दांची सावली उरते. आता कचेरीतील सर्वांची किल्ली तर एकच, आणि ती बदलण्याची तसदी कोणी घेत नसे. म्हणून प्रत्येक संदेशागणिक प्रवाह निराळा व्हावा यासाठी किल्लीच्या आधी एक चोवीस बिटांचा बदलता अंक जोडण्याची योजना केली. चोवीस बिटांत १,६७,७७,२१६ अंक होतात. ऐकावयास हा आकडा भरभक्कम वाटतो. परंतु गजबजलेल्या जाळ्यात ही सारी पुंजी पाच-सहा तासांत सरते, आणि अंक यदृच्छेने निवडले तर सुमारे पाच हजार संदेशांतच एखादा अंक पुन्हा येण्याचा संभव निम्म्यावर जातो. काही यंत्रे तर चालू करताच शून्यापासून मोजावयास लागत, म्हणजे रोज सकाळी तेच अंक त्याच क्रमाने. मूळ किल्लीही अवघी चाळीस बिटांची होती. कूटविद्येला अमेरिकेच्या कायद्यात दारूगोळ्याच्या यादीत बसविलेले असल्यामुळे त्याहून लांब किल्लीचा माल त्या काळी परदेशी धाडणे मुष्किलीचे होते.

दुसरा दोष मजकुराच्या अखंडतेविषयीचा होता, आणि त्याचा विचार करताना मराठ्यांच्या दफ्तराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शिवकालीन राजपत्रांत शिरोभागी मुख्य मुद्रा असे, आणि मजकूर जेथे संपला तेथे मोर्तबाचा छोटा शिक्का उमटवीत. 'मर्यादेयं विराजते' अशी त्यावर अक्षरे असत. येथे लेखाची मर्यादा झाली, याखाली कोणी एक ओळ वाढविली तर ती आमची नव्हे, असा त्याचा कायदा. पत्र वाचले जाऊ नये हे एक काम आणि पत्रात भर पडू नये हे दुसरे, हा विवेक त्या चिटणिसांना होता. आणि मोर्तबाचा शिक्का ज्याच्या त्याच्या हाती पडत नसे. वेपनेही संदेशाच्या शेवटी एक पडताळ्याचा अंक ठेवला होता, परंतु तो दळणवळणातील खरखरीने झालेली चूक ओळखण्याच्या जातीचा होता, लबाडी ओळखण्याच्या जातीचा नव्हता. त्याचे गणित इतके सरळ होते की मजकुरात अमुक फेरफार केला तर पडताळ्यात तमुक फेर पडेल हे किल्ली ठाऊक नसताही काढता येई. म्हणजे खलित्यात हात घालणाराच मोर्तबही करून देई, आणि घेणाऱ्याचे समाधान होई.

हे सर्व दोष ऑक्टोबर २००० पासून वर्षभराच्या आत चव्हाट्यावर आले. इंटेलमधील जेसी वॉकर यांनी समितीलाच सांगितले की किल्ली कितीही लांब करा, ही रचना सुरक्षित होणार नाही. बर्कलीच्या बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी वर वर्णिलेले दोष मांडून दाखविले. आणि २००१ च्या उन्हाळ्यात फ्लूरर, मँटिन व शामीर या त्रयीने आरसी-४ च्या आरंभीच्या अंकांतून किल्लीच कशी पाझरते ते सिद्ध केले. त्याच ऑगस्टमध्ये हे सारे आपोआप करणारी आज्ञावली कोणालाही फुकट मिळू लागली. समितीतील मंडळी बिनतारी तंत्रात निष्णात होती यात शंका नाही. पण कूटविद्या ही स्वतंत्र विद्या आहे, आणि तिच्या पंडितांना मसुदा दाखवून आक्षेप मागविण्याची रीत त्या वेळी पाळली गेली नाही. एवढ्या एका उपचाराचा आळस पुढे कोट्यवधींना भोवला.

अमेरिकेत मोटारीत संगणक आणि छपरावर अँटेना घेऊन उघड्या जाळ्यांची मोजदाद करीत फिरण्याचा छंद निघाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पीटर शिप्ली यांनी हा उद्योग केला तेव्हा बहुसंख्य जाळी कुलपावाचून आढळली. लंडनमध्ये २००२ साली मॅट जोन्स यांनी अशा जागांच्या भिंतींवर खडूने काढावयाची चिन्हेच ठरवून दिली: उघड्या जाळ्यासाठी पाठीला पाठ लावलेली दोन अर्धवर्तुळे, बंद जाळ्यासाठी पूर्ण वर्तुळ. हा तोवर खेळ होता. टीजेएक्स या अमेरिकन दुकानदार कंपनीच्या मिनेसोटातील एका दुकानाचे जाळे वेपच्या भरवशावर चाललेले होते. २००५ साली चोर तेथून आत शिरले आणि मुख्य कचेरीच्या संगणकांपर्यंत पोहोचले. जानेवारी २००७ मध्ये प्रकरण उघडकीस आले तेव्हा निदान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे क्रमांक गेलेले होते, आणि वेप निकामी झाल्याचे तर सहा वर्षांपूर्वीच जाहीर झाले होते.

आपल्याकडे परवान्याचे कुंपण उशिराने हलले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सर्वसामान्य वापरासाठी सरकारने जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला. हा निर्णय योग्यच होता. त्यावाचून घरगुती वाय-फाय कायदेशीरच झाले नसते. पण १९३३ पासून जो नागरिक केवळ यंत्र बाळगण्यासाठी सरकारला जबाबदार होता, त्याला आता यंत्र बाळगण्याची मुभा मिळाली आणि त्याबरोबर स्वतःच्या आकाशाची राखण करण्याचे कामही मिळाले. मुभेची बातमी वर्तमानपत्रांत आली, राखणीची कोठेच आली नाही. इंटरनेट जोडून देणारा कारागीर यंत्र भिंतीला टांगी, दिवे लागले की सही घेई, आणि कुलूप लावण्याची खटपट न करता निघून जाई.

याची जाणीव झाली ती फार दारुण प्रसंगाने. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. पहिला स्फोट होण्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांकडे जबाबदारीचे ई-पत्र आले होते. त्याच्या पाऊलखुणा नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचल्या, आणि तेथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. चौकशीअंती निष्पन्न झाले ते एवढेच की त्याचे वाय-फाय उघडे होते आणि बाहेरच्या कोणीतरी त्याचा दरवाजा वापरला होता. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून तसेच पत्र निघाले. १३ सप्टेंबरला दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कारखानदाराच्या कचेरीचा पत्ता लागला. पोलीस दारात उभे राहिल्यावर या निरपराध माणसांना पहिल्या प्रथम कळले की त्यांचे घर भिंतीपाशी संपत नाही, रस्त्यावर, जिन्यात, शेजारच्या गच्चीवर, जेथवर लहरी पोहोचतात तेथवर ते पसरलेले आहे. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस संगणक घेऊन उघडी जाळी शोधीत वस्त्यांतून फिरू लागले, आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट पुरविणाऱ्यांना ताकीद दिली की ग्राहकांची वाय-फाय जाळी ओळख पटविल्यावाचून कोणाला वापरता येणार नाहीत असा बंदोबस्त करावा. पूर्वी शोधगाड्या बिनपरवाना बोलणाऱ्याला हुडकीत. आता पोलीस बिनकुलपाच्या मालकाला हुडकू लागले. सरकारने राखणीची वर्दी अखेर दिली, ती अशी.

कुलपाची पुढील हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. २००३ साली डब्ल्यूपीए नावाचे तात्पुरते ठिगळ आले. कारखान्यातून बाहेर पडलेल्या लक्षावधी यंत्रांच्या अंगात आरसी-४ कोरलेली असल्यामुळे तिलाच धरून चालणे भाग होते. या ठिगळातील मोर्तब इतके नाजूक होते की एका मिनिटात दोन बनावट संदेश आढळले तर जाळ्याने साठ सेकंद सारे व्यवहार बंद ठेवावेत असा नियम करावा लागला. चोर आला असे वाटताच पहारेकऱ्याने स्वतःलाच कोंडून घ्यावे, त्यातला हा प्रकार. जून २००४ मध्ये खरी दुरुस्ती मंजूर झाली, आणि तिला अनुसरणाऱ्या डब्ल्यूपीए-२ ने एईएस ही कूटपद्धती स्वीकारली. ही पद्धती योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन या बेल्जियन द्वयीची. जगभरच्या पंडितांनी वर्षानुवर्षे उघडपणे आक्षेप घेतल्यावर ती खुल्या स्पर्धेतून निवडली गेली होती, आणि तिच्या अंगचा दोष आजवर व्यवहारात कोणाला सापडलेला नाही. पण दाराला लोखंडी फळ्या बसविल्या तरी बिजागिरीचा विचार निराळा करावा लागतो. ग्राहकाला पासवर्ड टंकण्याचा त्रास नको म्हणून यंत्रांवर आठ अंकी क्रमांकाची एक सोय देण्यात आली; २०११ च्या डिसेंबरात श्टेफान फीबॉक यांनी दाखविले की यंत्र त्या क्रमांकाचे दोन अर्ध निरनिराळे तपासते आणि शेवटचा अंक निव्वळ पडताळ्याचा असतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी अवघ्या अकरा हजार प्रयत्नांत काम भागते. २०१७ च्या ऑक्टोबरात माथी व्हानहूफ यांनी, ज्या ल्यूव्हेन विद्यापीठात एईएसचे दोन्ही कर्ते शिकले त्याच विद्यापीठातून, असे प्रसिद्ध केले की ओळख पटविताना होणाऱ्या चार संदेशांच्या देवघेवीतील तिसरा संदेश पुन्हा पाठविला तर किल्ली नव्याने बसविली जाऊन मोजणी आरंभापासून सुरू होते. प्रवाह दोनदा वापरावयाचा नाही हा नियम येथेही तुटत होता. वेपचे जुने पाप नव्या घराण्यात पुन्हा जन्मास आले होते.

आणि या साऱ्या पंडिती वादांहून मोठे छिद्र आमच्या सोसायट्यांत रोज पाडले जाते. यंत्र बसविणारा कारागीर हल्ली कुलूप लावतो, नाही असे नाही. परंतु पासवर्ड म्हणून तो ग्राहकाचा मोबाइल क्रमांक घालतो, कारण तो दोघांनाही लक्षात राहतो. डब्ल्यूपीए-२ मध्ये ओळख पटविण्याची देवघेव एकदा टिपून घेतली की पुढचे तर्क आपल्या घरी, यंत्राला पत्ता लागू न देता, करता येतात. प्रत्येक तर्काला ४०९६ वेळा गणित करावे लागेल अशी अडचण रचनाकारांनी घातलेली आहे. पण सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होणारे दहा अंकी क्रमांक जास्तीत जास्त चारशे कोटी, आणि आजच्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला तेवढे पालथे घालण्यास काही तास पुरतात. शेजाऱ्याला तर तेवढीही गरज नाही; क्रमांक त्याच्यापाशी सोसायटीच्या यादीत असतो.

२०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने हा घरबसल्या तर्क करण्याचा मार्ग बंद केला. तीत प्रत्येक तर्कासाठी यंत्राशी नव्याने बोलावे लागते. पुढल्याच वर्षी तिच्या पहिल्या अंमलबजावणीतले दोष व्हानहूफ आणि एयाल रोनेन यांनी काढले आणि ते दुरुस्त झाले, हे आता रीतीप्रमाणेच म्हणावयाचे. इकडे २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने १८८५ आणि १९३३ चे दोन्ही जुने कायदे रद्द ठरविले. घरातील यंत्रे मात्र बहुधा मिश्र पद्धतीवर चालतात, म्हणजे नवे उपकरण आले तर डब्ल्यूपीए-३ आणि जुने आले तर डब्ल्यूपीए-२, दोहोंना पासवर्ड तोच. त्यामुळे एखादे जुने उपकरण जोडलेले असेपर्यंत तर्क करणाऱ्याची सोय कायम राहते, आणि असे एखादे उपकरण, बहुधा छपाईचे यंत्र, प्रत्येक घरात असतेच.